पाण्यावरच्या सीमेची राखण : भारतीय तटरक्षक दलाची पन्नास वर्षे

१ फेब्रुवारी १९७७ रोजी अवघ्या सात नौकांनिशी सुरू झालेले भारतीय तटरक्षक दल सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहे. जहाजांची, विमानांची आणि मोहिमांची जंत्री देऊनही या पन्नास वर्षांचा इतिहास सांगता येईल. आम्ही तो एका वेगळ्या अंगाने मांडत आहोत. समुद्रात कोणी काय पाहिले, ते कोणाला कळवले आणि कळवलेले वेळेवर पोचले का, या प्रश्नांभोवतीच दलाची घडण झाली. समुद्रावर नजर ठेवणारी खाती अनेक आणि किनारा असलेली राज्येही अनेक. त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून अर्धशतकभर झालेली खटपट हीच आमच्या मते या संस्थेची खरी कमाई आहे, आणि कोकणच्या किनाऱ्याने ती फार जवळून पाहिली आहे.

१९७० ते १९८० : तस्करी, तेल आणि एक अहवाल

सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी पश्चिम किनाऱ्यावर तस्करीला ऊत आला होता. आखाती बंदरांतून निघालेली गलबते रात्रीच्या अंधारात किनाऱ्याजवळ येत, आणि सोन्याची बिस्किटे, परदेशी घड्याळे, कृत्रिम धाग्याचे कापड लहान होड्यांतून खाड्यांमध्ये उतरे. कस्टमकडे खबरे होते. तस्करांच्या बोटी गाठतील अशा वेगवान नौका पुरेशा नव्हत्या. पोलिसांची हद्द व्यवहारात वाळूपाशी संपत असे. नौदलाची जहाजे युद्धासाठी बांधलेली, त्यांना रोज तस्करांमागे धाडणे परवडणारे नव्हते. मत्स्यव्यवसाय खात्याजवळ बोटींच्या नोंदी होत्या, पण त्या परवान्यापुरत्या. प्रत्येक खात्याला समुद्राचा एकेक तुकडा दिसत होता. सगळे तुकडे एकत्र ठेवून पाहणारे कोणी नव्हते.

नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एन. कोहली यांनी शांतताकाळातील सागरी राखणीसाठी स्वतंत्र दल असावे, असा आग्रह धरला. सप्टेंबर १९७४ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. रुस्तमजींचा जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. सीमा सुरक्षा दलाचे ते संस्थापक महासंचालक. १९६५ पर्यंत पाकिस्तानलगतची सीमा मुख्यत्वे त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांकडे असे. त्या वर्षी ९ एप्रिलला कच्छमधील सरदार चौकीवर हल्ला झाला, आणि सीमेचे तुकडे करून राखण होत नाही हे देशाला कळून चुकले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सीमा सुरक्षा दल उभे राहिले आणि रुस्तमजींनी ते घडवले. जमिनीवर जो धडा त्यांनी घेतला होता तोच समुद्राला लावायचा होता, म्हणून ही निवड अचूक ठरली.

याच सुमारास समुद्राचे मोलही बदलत होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलखोदाई फलाटाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडले. मे १९७६ मध्ये बॉम्बे हाय या त्या तेलक्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. ऑगस्ट १९७६ मध्ये संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र त्याने ठरवून दिले. २० लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा टापू देशाच्या अखत्यारीत आला. एवढ्या पाण्यावर पहारा कोण देणार, याचे उत्तर रुस्तमजी समितीने १९७५ सालीच देऊन ठेवले होते.

नवे दल कोणत्या मंत्रालयाच्या छत्राखाली असावे, याबाबत बराच विचारविनिमय झाला. अखेर ते संरक्षण मंत्रालयाकडे सोपवण्यात आले. खर्चाची तरतूद मात्र सुरुवातीच्या काळात अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडून होई, कारण तस्करीची झळ त्या विभागालाच सर्वाधिक बसत होती. जन्मापासूनच हे दल एकाहून अधिक खात्यांशी बांधले गेले ते असे.

१ फेब्रुवारी १९७७ रोजी अंतरिम तटरक्षक संघटना नौदलाच्या आधाराने कामाला लागली. ताफ्यात ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ ही ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात बांधलेली जहाजे आणि पाच लहान गस्ती नौका होत्या. खलाशी आणि अधिकारी नौदलाकडून उसने घेतलेले. जुन्या यंत्रांची डागडुजी करून ही जहाजे समुद्रात ठेवणाऱ्या इंजिनखान्यातील कारागिरांची नावे कोणत्याही अहवालात सापडत नाहीत. पहिली वर्षे निभावली ती त्यांच्या जोरावर, हे या स्मरणिकेत नोंदवलेच पाहिजे. १८ ऑगस्ट १९७८ रोजी तटरक्षक कायदा संमत झाला, पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते दलाचे विधिवत उद्घाटन झाले आणि व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामत पहिले महासंचालक झाले. ‘वयं रक्षामः’ हे ब्रीद तेव्हापासूनचे.

या कायद्याचे कलम १४ मुळातून वाचण्याजोगे आहे. सागरी तेलक्षेत्रांचे संरक्षण, संकटातील मच्छीमारांना मदत, सागरी पर्यावरणाची जपणूक, समुद्रातील जीवित व मालमत्तेची सुरक्षा ही कर्तव्ये त्यात आहेत. तस्करीविरोधी कामात कस्टम आणि अन्य यंत्रणांना साहाय्य करावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. दलाने एकट्याने राखण करावी अशी कायद्याची कल्पनाच नव्हती. पुढच्या प्रत्येक दशकात या एका कलमाने नवे रूप घेतले.

१९८० ते १९९० : जहाजे आणि विमाने

हे दशक बांधणीचे. १९८२ च्या मे महिन्यात गोव्यात चेतक हेलिकॉप्टरांचे पहिले पथक उभे राहिले. माझगाव गोदीत बांधलेले ‘विक्रम’ हे खोल समुद्रात गस्त घालणारे जहाज १९८३ च्या डिसेंबरमध्ये दाखल झाले. पुढे डॉर्नियर विमाने आली आणि दमणला हवाई तळ झाला. आकाशातून पाहणारा डोळा मिळाल्यावर गस्तीचा पल्ला कित्येक पटींनी वाढला. मुंबईत वरळी येथील पश्चिम विभागाचे मुख्यालय याच सुमारास नावारूपाला आले.

१९८१ साली दोन कायदे झाले. त्यांचा परिणाम पुढे फार काळ जाणवला. परदेशी बोटींच्या मासेमारीवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने आपला सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. १२ सागरी मैलांच्या आतील मासेमारी राज्याकडे आणि त्यापलीकडचे पाणी केंद्राकडे अशी वाटणी पक्की झाली. मासळीला ही रेषा ठाऊक नसते, आणि बोट हाकणारा तांडेलही मासळीमागेच जातो. एकाच बोटीची नोंदणी राज्याच्या दफ्तरात आणि तपासणी केंद्राच्या जहाजावरून, असे दुहेरी कामकाज सुरू झाले. दोन दफ्तरे एकमेकांशी बोलायला तीस वर्षे लागली.

१९९० ते २००० : रायगडचा किनारा आणि ‘ताराबाई’ची झुंज

दशकाच्या आरंभी श्रीलंकेलगतच्या पाल्क सामुद्रधुनीत ‘ऑपरेशन ताशा’ ही गस्तीची मोहीम सुरू झाली. पश्चिम किनाऱ्याला मात्र १९९३ ने हादरवले. त्या वर्षाच्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरवली गेली, आणि १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी बॉम्बस्फोट होऊन २५७ माणसे मृत्युमुखी पडली. सोने उतरवण्याच्या जुन्या वाटांनीच आरडीएक्स आले होते. तस्करी ही महसुलाची चोरी आहे, या समजुतीवर उभी असलेली सारी व्यवस्था एका दुपारी अपुरी ठरली.

त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ हाती घेण्यात आले. नौदल, तटरक्षक दल, कस्टम आणि राज्य पोलीस यांनी मिळून गस्त घालावी असा हा पहिला मोठा प्रयत्न. खोल पाण्यात मोठी जहाजे, किनाऱ्यालगत लहान बोटी, आणि मधल्या पट्ट्यात भाड्याने घेतलेले मच्छीमार ट्रॉलर. पोलीस शिपायाला डोलणाऱ्या बोटीवर उभे राहण्याची सवय नव्हती आणि नौसैनिकाला गावातली माणसे ठाऊक नव्हती. कामाच्या पद्धतीही निरनिराळ्या. सुरुवातीला अडचणी आल्या, पण सर्व घटकांनी समजूतदारपणे त्यांतून वाट काढली. कोकणातल्या गावांतून सागर रक्षक दलाचे स्वयंसेवक पुढे आले. अनोळखी बोट किंवा माणूस दिसल्यास पोलीस ठाण्याला कळवायचे, इतके साधे काम. त्यासाठी लागते ती सवय आणि विश्वास, आणि दोन्ही गावकऱ्यांनी दिले.

१९९९ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘अलोन्द्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज इंडोनेशियातून निघाल्यावर चाच्यांनी पळवले. जहाजावर सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम होते. सतरा जणांच्या चमूला तराफ्यात सोडून दिले गेले, आणि कित्येक दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवले. मग क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने जहाजाचे वर्णन जगभर प्रसृत केले. रंग आणि नाव बदललेले, ‘मेगा रामा’ झालेले ते जहाज अरबी समुद्रात दिसल्याची खबर आली, आणि तटरक्षक दलाचे विमान व ‘ताराबाई’ ही गस्ती नौका मागावर निघाली. छत्रपती ताराराणींचे नाव धारण करणाऱ्या त्या लहानशा नौकेने आपल्याहून कितीतरी मोठ्या जहाजाचा पिच्छा सोडला नाही. नौदलाचे ‘प्रहार’ मदतीला आले आणि १६ नोव्हेंबरला जहाज ताब्यात घेऊन मुंबईला आणण्यात आले.

या कामगिरीची साखळी पाहा : वाचवणारे थाई मच्छीमार, मलेशियातील नोंद केंद्र, भर समुद्रात जहाज ओळखणारे खलाशी, तटरक्षक दलाचे विमान, नौका आणि शेवटी नौदल. यातला एक दुवा जरी गप्प राहिला असता तरी ते जहाज सापडले नसते. मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली. पुढे उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदा नसल्याची उणीव या खटल्याने दाखवली. २०२२ साली संसदेने तो केला.

२००० ते २०१० : कागदावरची योजना आणि काळी रात्र

कारगिल युद्धानंतर केंद्राने राष्ट्रीय सुरक्षेचा फेरविचार केला. त्यासाठी नेमलेल्या चार कार्यगटांपैकी सीमा व्यवस्थापनाचा गट माजी केंद्रीय गृहसचिव डॉ. माधव गोडबोले यांच्याकडे होता. महाराष्ट्राच्या प्रशासनात मुरलेल्या या अधिकाऱ्याने किनारपट्टीच्या राखणीकडे आवर्जून लक्ष वेधले. या फेरविचारातून आलेल्या २००१ च्या मंत्रिगटाच्या अहवालानंतर गुप्तवार्ता यंत्रणांनी आपापली माहिती एकत्र आणावी म्हणून बहुसंस्था केंद्र स्थापन झाले. २००५ मध्ये किनारी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा मंजूर झाला : नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी. पैसा केंद्राचा, अंमलबजावणी राज्यांची. जागा मिळवणे, बोटी चालवणारे तांत्रिक मनुष्यबळ भरणे, इंधनाची तरतूद या गोष्टींना वेळ लागत गेला.

तेवढ्यात २००८ चा नोव्हेंबर आला. कराचीहून निघालेल्या दहा अतिरेक्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट भर समुद्रात बळकावली, तिच्यावरील मच्छीमारांना मारले आणि २६ तारखेच्या रात्री रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी उतरले. मुंबईत १६६ जणांचे प्राण गेले. ‘कुबेर’ ही हजारोंपैकी एक भारतीय बोट होती, नोंदणी भारतीय, बांधणी भारतीय. तिला दुरून पाहणाऱ्या कोणालाही संशय येण्याचे कारण नव्हते. किनाऱ्यावर त्या तरुणांना ‘कोण तुम्ही?’ असे हटकले ते वसाहतीतल्या कोळी बांधवांनी. त्यांचा प्रश्न योग्य ठिकाणी पोचवणारी वाट तेव्हा नव्हती, हे आजही मनाला लागते.

त्या रात्रीपूर्वी कोणाला काय कळले होते यावर पुढे चौकशा झाल्या. राज्य शासनाने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या तपशिलात जाण्याचे हे स्थान नव्हे. संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो फेब्रुवारी २००९ मधला निर्णय. सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे, प्रादेशिक समुद्रातील किनारी सुरक्षेचा समन्वय तटरक्षक दलाकडे, आणि किनाऱ्यालगतची गस्त राज्यांच्या सागरी पोलिसांकडे, असे काम पहिल्यांदा स्पष्ट वाटले गेले. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त कार्यवाही केंद्रे झाली. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालील सागरी व किनारी सुरक्षेच्या राष्ट्रीय समितीत किनारी राज्यांचे मुख्य सचिवही बसू लागले. देखरेख कोणाची, हा प्रश्न पूर्वी घटनेनंतर विचारला जाई. आता तो बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला.

२०१० ते २०२० : दीपगृहांवरची रडारे

३१ जुलै २०११ ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. ‘पवित’ नावाचे, चमूने ओमानजवळ सोडून दिलेले जहाज वाहत वाहत जुहूच्या वाळूत येऊन रुतले. कोणाला इजा झाली नाही. पण एवढे मोठे जहाज कोणाच्याही नजरेस न पडता महानगराच्या चौपाटीवर येते, ही गोष्ट धोक्याची सूचना म्हणून घेतली गेली, आणि रडार साखळीच्या कामाला जोर आला.

पहिल्या टप्प्यात देशभर ४६ ठिकाणी रडार आणि कॅमेरे बसले, बहुतेक दीपगृहांवर. ज्या मनोऱ्यांनी शतकभर खलाशांना वाट दाखवली त्यांच्यावरूनच आता समुद्र पाहिला जाऊ लागला. तिथले चित्र तटरक्षक दलाच्या जिल्हा मुख्यालयात, तिथून मुंबईसारख्या विभागीय केंद्रात आणि पुढे दिल्लीला जाते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये गुरुग्राम येथे माहिती व्यवस्थापन आणि विश्लेषण केंद्र सुरू झाले. नुकतेच संरक्षणमंत्री झालेले गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी त्याचे उद्घाटन केले. नौदलाची २० आणि तटरक्षक दलाची ३१ अशी ५१ ठाणी त्याला जोडलेली आहेत. २०१८ मध्ये त्याच आवारात हिंदी महासागर क्षेत्रासाठी माहिती केंद्र झाले, आणि मित्रदेशांचे संपर्क अधिकारी तिथे येऊन बसू लागले.

यंत्रांइतकेच जमिनीवरचे काम मोठे होते. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली, बोटींची नोंदणी देशभर एकाच संगणक प्रणालीत आली, राज्याराज्यांनी आपल्या बोटींना ठरावीक रंग दिले. १५५४ हा तटरक्षक दलाचा आणि १०९३ हा सागरी पोलिसांचा क्रमांक बंदराबंदरांवर रंगवला गेला. दलाचे जवान मच्छीमार सहकारी संस्थांच्या कार्यालयांत जाऊन नाखवा-खलाशांशी बोलू लागले. एकाच फेरीत तीन-चार यंत्रणांनी कागद तपासायचे, यात मासळी उतरवायला उशीर होतो, ही कोळी बांधवांची रास्त तक्रार होती. बैठकांतून ती पुढे आली आणि तपासणीत हळूहळू सुसूत्रता येत गेली. ‘सागर कवच’ या सरावात एक गट घुसखोर होऊन किनारा गाठण्याचा प्रयत्न करतो आणि बाकीच्या यंत्रणा त्याला शोधतात. कुठे खबर अडली, कुठे ती उशिरा पोचली, हे त्यातून उघड होते. २०१९ च्या जानेवारीत ‘सी व्हिजिल’ हा संपूर्ण किनारपट्टीचा सराव प्रथमच झाला.

२०२० पासून आजपर्यंत

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात वादळापूर्वीच समुद्रातल्या बोटींना परत फिरवण्यासाठी दलाची जहाजे आणि विमाने दिवसरात्र राबली. समुद्रातील शोध आणि बचाव हे काम सीमेच्या राखणीपासून वेगळे काढता येत नाही. वादळात ज्याला वाचवले तोच पुढे अनोळखी बोटीची खबर देतो.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली. तिच्यावर एके-४७ रायफली होत्या. दहीहंडीचा आदला दिवस, आणि जागा शेखाडीपासून फार दूर नाही. जिल्हाभर काळजी पसरली. नाकाबंदी झाली. पण त्याच दिवशी बोटीचे नाव, मालकी आणि प्रवास यांची माहिती हाती आली : ‘लेडी हान’ ही ऑस्ट्रेलियन मालकीची बोट, मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये इंजिन बिघडले, चमूची सुटका कोरियाच्या युद्धनौकेने केली आणि बोट वाहत आली. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात हे निवेदन केले. १९९३ आणि २००८ पाहिलेल्या किनाऱ्याला काही तासांत खरी हकीकत कळली, याचे मोल आम्ही फार मानतो. ही बोट आधीच, समुद्रात असतानाच दिसायला हवी होती, हेही तितकेच खरे आहे.

आज दलाकडे दीडशेच्या आसपास जहाजे व नौका आहेत. सत्तरहून अधिक विमाने आणि हेलिकॉप्टरे आहेत. अमली पदार्थांविरुद्धच्या कारवाया बहुतांशी संयुक्त असतात. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातचे दहशतवादविरोधी पथक आणि केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभाग यांच्या माहितीवरून दलाने एक पाकिस्तानी बोट पकडली. तिच्यावर सुमारे ८६ किलो हेरॉइन सापडले आणि १४ जण ताब्यात आले. राज्याच्या पोलिसांची खबर आणि केंद्राचे जहाज असा हा मेळ आता नित्याचा झाला आहे.

सर्वांत मोठे काम शिल्लक आहे ते लहान बोटींचे. २० मीटरहून लांब बोटींना ओळख सांगणारे यंत्र सक्तीचे आहे. त्याहून लहान बोट रडारवर नुसता ठिपका दिसते, आणि आपल्या किनाऱ्यावर अशाच बोटी जास्त. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार नौकांसाठी उपग्रहाधारित संपर्क योजनेचा देशव्यापी प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चाच्या या योजनेत १३ किनारी राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत एक लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेली यंत्रे मोफत बसवली जात आहेत. बोट कुठे आहे हे किनाऱ्याला कळते. वादळाचा इशारा आणि आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जवळ आल्याची सूचना तांडेलाला त्याच्या मोबाइलवर मिळते. संकटाचा निरोप तो तिथूनच पाठवू शकतो, आणि मोबाइलची रेंज संपल्यावरही तो उपग्रहामार्गे पोचतो.